भाऊजी आणि त्यांची थोरली

आमच्या भाऊजींच्या बैठकीच्या खोलीत दोन फोटो आहेत. एक त्यांच्या लग्नाचा, त्यात माझी ताई त्यांच्या शेजारी अंग चोरून उभी आहे. दुसरा एका पांढऱ्या सशाचा. सशाचा फोटो मोठा आहे. पाहुणे आले की भाऊजी त्यांना आधी सशापुढे नेऊन उभं करतात आणि चहा थंड होईपर्यंत त्याची थोरवी ऐकवतात. लग्नाच्या फोटोकडे कुणाचं लक्ष गेलंच, तर "हो, तेही आमचंच" म्हणून पुढे सरकतात. ताईने यावर हसायला शिकून घेतलं. मला ते कधी जमलं नाही. या माणसाचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. तो लपवायची मी तसदी घेत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी त्यांची मेहुणी, आणि ज्या संस्थेत ते मोठे शास्त्रज्ञ म्हणून मिरवतात तिथेच मायक्रोस्कोपचा विभाग चालवते. शिक्षण माझंही त्याच विषयातलं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दाणे किती आणि फोलपटं किती हे मला ऐकता ऐकता कळतं. घरी गेलं तरी हेच, कामावर गेलं तरी हेच.

त्यांच्या आई, म्हणजे ताईच्या सासूबाई, एक आठवण फार कौतुकाने सांगायच्या. लहानपणी गणित सोडवायला बसला की पठ्ठ्या आधी पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायचा आणि मग त्या उत्तराकडे जाणाऱ्या पायऱ्या वर लिहायचा. "इतका हुशार!" असं म्हणून त्या माउली डोळे पुसायच्या. मी तेव्हा नवीन नातेवाईक होते, म्हणून मूग गिळून गप्प बसले. पण मनात म्हटलं, ताईचं आता काही खरं नाही.

पुढे हा हुशार मुलगा डोळ्यांवर संशोधन करू लागला. आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यात एक प्रोटीन असतं. उजेड पडला की तिथल्या पेशींत एक प्रकारचा कचरा तयार होतो, आणि हे प्रोटीन हमालासारखं तो उचलून बाहेर टाकतं. हमाल नसला की कचरा साठत जातो आणि माणसाची नजर बरोबर मधोमध विझायला लागते. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. तर हे प्रोटीन पडद्यात नेमकं कुठे आणि किती आहे, ते पाहायला अँटिबॉडी लागते. त्यासाठी प्रोटीनचा एक छोटा तुकडा सशाला टोचायचा. सशाचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. मग सशाचं थोडं रक्त काढायचं, त्यातलं पाणी वेगळं करायचं, ते उंदराच्या डोळ्याच्या पातळ कापावर सोडायचं आणि वरून चमकता रंग चढवायचा. जिथे प्रोटीन असेल तिथे अँटिबॉडी चिकटते आणि मायक्रोस्कोपखाली हिरवी रेघ उजळते.

यातली एक गोष्ट आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. टोचायच्या आधी त्याच सशाचं थोडं रक्त काढून ठेवायचं, आणि तेही डोळ्याच्या कापावर घालून बघायचं. कारण काही सशांच्या रक्तात मुळातच असं काहीतरी असतं की ते डोळ्याला चिकटतं, तुम्ही टोचा नाहीतर टोचू नका. आधीच्या रक्ताने अंधार आणि नंतरच्या रक्ताने रेघ, तरच ती रेघ खरी. हे कंटाळवाणं काम आहे, यात कुणी शाबासकी देत नाही. म्हणूनच भाऊजींनी रक्त काढून ठेवलं, पण ते घालून पाहिलं नाही.

त्यांनी दोन मादी ससे टोचले होते. धाकटीच्या रक्ताने एक बारीक, फिकट रेघ दिली. थोरलीच्या, म्हणजे त्या फोटोतल्या सशाच्या रक्ताने मात्र बोटभर जाड, झगझगीत हिरवी रेघ उमटली. भाऊजींचा आनंद गगनात मावेना. ते काचपट्टी हातात घेऊन व्हरांड्यातून धावले आणि रस्त्यात जो भेटेल त्याला खोलीत ओढून आणून दाखवू लागले. मलाही ओढलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. मी विचारलं, "टोचायच्या आधीचं रक्त पाहिलंत का?" ते म्हणाले, "मेहुणीबाई, लग्नात नवरी समोर उभी असताना तिची जन्मतारीख विचारायची नसते." सगळे हसले. धाकटीला त्याच आठवड्यात बाद करण्यात आलं.

लेख छापून आला आणि जगभरातून मागण्या येऊ लागल्या. डोळ्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला थोरलीचं रक्त हवं होतं. भाऊजींनी ते टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबांत वाटून नळ्यांत भरलं आणि फ्रीझरला स्वतःचं कुलूप घातलं. थेंब हवा असेल तर लेखात त्यांचं नाव घालायचं, असा अलिखित नियम. त्यांनी स्वतः पुढे काही केलं असं मला तरी आठवत नाही. पण जगात कुठे ना कुठे कुणीतरी राबायचं आणि यांचं नाव छापून यायचं. ज्या कोटाला ताई इस्त्री करायची, त्या कोटाच्या खिशावर यांचं नाव दोऱ्याने विणलेलं. हातात मोजे घालून काम करताना मी त्यांना त्या काळात कधी पाहिलं नाही. ते खोल्याखोल्यांतून फिरायचे आणि इतरांच्या चुका काढायचे.

कुणालाच संशय कसा आला नाही, असं लोक मला विचारतात. संशय आला होता हो, बऱ्याच जणांना आला असणार. पण ज्याला थेंब वापरून रेघ दिसली त्याने ती छापली, आणि ज्याचं गणित जुळेना त्याने आपलंच काहीतरी चुकतंय असं धरलं. एवढ्या मोठ्या माणसाची अँटिबॉडी चुकीची कशी असेल! एकदोघांनी धीर करून पत्रं पाठवली, तर भाऊजींनी त्यांना पुढचा थेंब दिला नाही. विषय संपला.

मग थोरली म्हातारी होऊन मेली. साठा तर रोज आटत चालला होता, म्हणून भाऊजींनी नवे ससे टोचायला घेतले. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एकाही नव्या सशाच्या रक्ताने तशी जाड रेघ येईना. प्रत्येकाची आपली तीच बारीक, फिकट रेघ, धाकटीसारखी, आणि तीही थोरलीच्या रेघेच्या जरा बाजूला. साध्या माणसाने विचार केला असता की इतके ससे एक सांगतायत आणि एकच वेगळं सांगतोय, तर त्या एकाला जरा तपासून पाहावं. भाऊजींनी काय केलं? प्रत्येक नव्या सशाचं रक्त थोरलीच्या रक्ताशी ताडून पाहिलं, जुळलं नाही की नापास. "हल्लीच्या सशांत दम नाही," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे आणि समोरचे माना डोलवायचे. मी माना डोलवणाऱ्यांकडे बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशा वेळी मुंगी आली. ती त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. सगळे तिला मुंगी म्हणायचे, कारण ती कमी बोलायची आणि काम मात्र अखंड चालू असायचं. भाऊजींनी तिला विषय दिला: थोरलीसारखी अँटिबॉडी पुन्हा बनव. म्हणजे चूक पुन्हा बनव. पोरीने ससे टोचले, रक्तं काढली, काप घातले, आणि दर खेपेला तिच्या काचपट्टीवर तीच बारीक रेघ. भाऊजी मायक्रोस्कोपला डोळा लावायचे आणि उठता उठता म्हणायचे, "हात वाईट आहे तुझा." सगळ्यांदेखत म्हणायचे. मुंगी परत जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. असं करता करता तिची पदवीची मुदत संपत आली. मुदतीत प्रबंधावर गुरूची सही झाली नाही, तर संस्था तिला बाहेर काढणार आणि इतक्या वर्षांचं काम कचऱ्यात जाणार. तिच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं होतं, "मॅडम, खरंच आमच्या मुलीत काही कमी आहे का?" मी म्हटलं, "तुमच्या मुलीत नाही." पुढचं बोलले नाही, कारण शेवटी ताईचा नवरा.

पण गप्पही बसले नाही. माझी एक मैत्रीण दुसऱ्या संस्थेत आहे, तिच्याकडे असे उंदीर होते ज्यांच्या अंगात हे प्रोटीन मुळातच तयार होत नाही. तिच्याकडून मी मुंगीसाठी त्या उंदरांचे डोळे मागवले. हिशोब अगदी सोपा होता. हमालच नसलेला डोळा. त्यावर खऱ्या अँटिबॉडीने काहीही दिसता कामा नये.

मुंगीने काप केले आणि दोन्ही रक्तं घातली. तिच्या नव्या सशाच्या रक्ताने पडदा काळाकुट्ट राहिला. थोरलीच्या रक्ताने तीच बोटभर जाड, झगझगीत रेघ, जशीच्या तशी. नसलेलं प्रोटीन थोरलीला लख्ख दिसत होतं! मुंगी दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली. मी भाऊजींना बोलावून आणलं. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "उंदीर चुकीचा आहे."

"सर, उंदीर तीन ठिकाणी तपासलाय," मुंगी म्हणाली.

"मग तिन्ही ठिकाणचे लोक चुकलेत."

"सर, थोरलीचं टोचायच्या आधीचं रक्त ठेवलेलं आहे का? ते एकदा घालून बघितलं तर लगेच कळेल."

"ते कधीच गेलं," भाऊजी म्हणाले. "फ्रीझर बंद पडला होता तेव्हा. आणि तू मला शिकवू नकोस. हात सुधार."

त्यानंतर काही दिवसांनी मी जेवण आटपून खोलीत परतले, तर मायक्रोस्कोपपाशी भाऊजी बसलेले. एकटे, आणि चक्क हातात मोजे घालून! मला वाटलं जगबुडी आली. ते इतके गढून गेले होते की दार उघडलेलं त्यांना कळलंही नाही. संगणकाच्या पडद्यावर तीच जाड हिरवी रेघ. मी जवळ गेले आणि काचपट्टीवरची चिठ्ठी वाचली. अक्षर त्यांचंच, गोलगोल. "थोरली, टोचण्याआधी."

म्हणजे नळी होती. पोरगी महिनोन् महिने त्यांच्या शिव्या खात होती तेव्हाही ती त्यांच्याच कुलपाआड होती. थोरलीच्या रक्तात ते चिकटणारं काहीतरी जन्मापासूनच होतं, आणि या माणसाने एका सशाच्या जन्मजात खोडीवर अख्खं आयुष्य उभं केलं होतं.

"भाऊजी," मी म्हटलं.

ते दचकले आणि त्यांनी पटकन दिवा बंद केला. "तुझं मशीन जरा बिघडलंय."

"मशीन ठणठणीत आहे. चिठ्ठी वाचली मी."

"तुला काय कळतंय यातलं?"

"जे पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं तेवढंच. मुंगीच्या प्रबंधावर सही करा. नाही केलीत तर मी ही काचपट्टी घेऊन संचालकांकडे जाते. ताई माझी बहीण आहे म्हणून तुम्हाला आधी सांगतेय, एवढंच."

त्यांचा चेहरा पडला. पण हा माणूस पडला तरी नाक वर ठेवून पडतो. मोजे काढता काढता म्हणाले, "सही मी करणारच होतो. मुलीने कष्ट केलेत." मला त्या क्षणी इतकी किळस आली की मी खिडकी उघडली. संध्याकाळी मुंगीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "त्यांनी मला ते रक्त नाही म्हणून सांगितलं होतं."

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला सभागृह भरलं होतं. मुंगीचे आईवडील पुढच्या रांगेत, त्यांच्यामागे ताई आणि मी. नवऱ्याच्या प्रत्येक समारंभाला ताई येतेच, इस्त्रीचा कोट कसा दिसतो ते बघायला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आणि या विषयातल्या दादा. थोरलीचे थेंब त्यांनीही वर्षानुवर्षं वापरले होते. नियमाप्रमाणे गुरूने विद्यार्थिनीची दोन वाक्यांत ओळख करून द्यायची आणि खाली बसायचं. भाऊजी उठले ते बसायलाच तयार नाहीत.

"विज्ञानात स्वतःची चूक कबूल करायला फार मोठं काळीज लागतं," त्यांनी सुरुवात केली. मग सांगितलं की थोरलीबद्दल त्यांना बरेच दिवस शंका होती, त्यांनीच हा विषय मुद्दाम मुलीला दिला, पावलोपावली तिची परीक्षा घेतली, आणि शेवटी थोरलीचं टोचण्याआधीचं रक्त स्वतःच्या हातांनी घालून सत्य शोधून काढलं. मागच्या पडद्यावर ती जाड हिरवी रेघ झळकली, खाली त्यांचं नाव. मुंगीचा उल्लेख "काप छान करते" असा झाला. आणि लोक टाळ्या वाजवू लागले! माझ्या मागचा एक जण हळहळून म्हणाला, "काय मोठं मन आहे हो!" माझ्या हातात पेन होतं, ते मी इतकं आवळलं की टोपण तुटलं. मुंगी व्यासपीठाच्या कडेला उभी होती, तिचे वडील तिच्याकडे आणि भाऊजींकडे आळीपाळीने बघत होते.

टाळ्या थांबल्या तशा परीक्षक बाई म्हणाल्या, "एक विचारते. हे आधीचं रक्त तुम्ही पहिल्यांदा कधी घालून पाहिलंत?"

प्रश्न अगदी साधा होता. खरं उत्तरही साधं होतं: मागच्या महिन्यात. पण ते उत्तर द्यायचं म्हणजे भरल्या सभागृहात कबूल करायचं की जे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते आपण केलं नव्हतं. काळीज मोठं असल्याची टाळी घेणं वेगळं आणि नवशिक्यासारखं ढिसाळ दिसणं वेगळं. भाऊजींची मान आपोआप ताठ झाली.

"अहो, पहिल्याच दिवशी!" ते म्हणाले. "आधीचं रक्त पाहिल्याशिवाय मी कधी पुढे जातच नाही. ही माझ्या कामाची शिस्तच आहे."

भाऊजी अजून हसत होते. आपण काय बोललो ते अख्ख्या खोलीला कळलं, आणि त्यांना सगळ्यात शेवटी.

"पहिल्याच दिवशी," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे ही रेघ खोटी आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी तुम्ही आम्हाला थेंब वाटत होतात."

भाऊजींची बोबडी वळली. "नाही, म्हणजे, तसं नाही, तेव्हा पाहिलं होतं म्हणजे, नीट नव्हतं पाहिलं."

बाईंनी त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं. त्या मुंगीकडे वळल्या. "आणि तू कधी पाहिलंस?"

"आज, मॅडम. पडद्यावर," मुंगी म्हणाली. आवाज लहान होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी मागितलं होतं. सरांनी सांगितलं की ते शिल्लक नाही. म्हणून मी प्रोटीन नसलेल्या उंदरावर करून बघितलं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याकडे एक मुलगा होता," त्या म्हणाल्या. "तुमचे थेंब वापरून त्याचं गणित कधी जुळलं नाही. तो सारखा म्हणायचा की रेघ चुकीच्या जागी येतेय. मी त्याला म्हटलं, तुझा हात वाईट आहे. त्याने काम सोडलं. तो आता काय करतो तेही मला ठाऊक नाही." मग त्यांनी प्रबंध पुढे ओढला, सही केली आणि पेन भाऊजींच्या पुढे धरलं. भाऊजींनी सही केली. अक्षर या वेळी गोल नव्हतं. मुंगीची आई रडायला लागली, आणि मुंगी पायऱ्या उतरून थेट वडिलांकडे गेली.

बाहेर व्हरांड्यात भाऊजींनी मला गाठलं. कपाळाला घाम, कोटाची कॉलर एका बाजूला उभी. "तूच पढवून ठेवलंस ना त्या बाईला?"

"मी त्यांच्याशी आयुष्यात एक शब्द बोललेली नाही. तुमचं तुम्हीच सांगितलंत, तेही छाती काढून."

"शब्द इकडचा तिकडे झाला एक, आणि तेवढ्यावरून या लोकांनी राईचा पर्वत केला! कोण कुठला मुलगा, काम सोडून गेला म्हणे. त्यात माझा काय दोष?" ते ताईकडे वळले, कारण ही शेवटची जागा होती जिथे त्यांना आजवर हमखास होकार मिळत आला होता. "तूच सांग हिला."

ताई माझ्या शेजारीच उभी होती. तिने कॉलर सरळ करायला हात उचलला आणि मध्येच खाली घेतला. इतक्या वर्षांत तिने त्यांच्या कामाबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता, कारण आपल्याला त्यातलं कळत नाही असं त्यांनी तिला पटवून दिलं होतं.

"तुम्ही तर जगभर थेंब पाठवलेत," ती म्हणाली. "मग त्या मुलासारखी आणखी किती पोरं असतील हो?"

ताई उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.